खुर्ची ठेवलेली जागा

७ मार्च

मोठ्या,

बरा असशील. आधी एक गंमत सांगते, मग बाकीचं. आज मी आवाज नसलेल्या गाडीतून फिरून आले.

विजेवरची गाडी रे. धाकट्याची भिंगरी चालवत होती, तिच्या शेजारी शोरूमवाला बसला होता आणि मी मागे राणीसारखी. सगळे बसले, पट्टे लावले, मी वाट बघतेय. शेवटी म्हटलं, "अगं, चालू कर ना आता." तर म्हणते, "आजी, आपण केव्हाच निघालोय." काचेतून बघते तर औषधाचं दुकान मागे चाललेलं! मला इतकं हसू आलं की शोरूमवाल्याने मागे वळून विचारलं, "आजी, बरं वाटतंय ना?" मी म्हटलं, "बाबा रे, मला बरंच वाटतं नेहमी, तू पुढे बघ."

आतून गाडी अगदी नवीन कपाटासारखी. गियर नाही, क्लच नाही, तुझ्या बाबांनी मला जे शिकवायचा प्रयत्न करून हात टेकले होते त्यातलं काहीच नाही. दोन पेडल, बस. एक पळायचं, एक थांबायचं. हे असतं तर मीसुद्धा शिकले असते आणि मग घरात कोण कुणाला कुठे सोडायला जाणार यावरून जी भांडणं झाली त्यातली अर्धी झालीच नसती.

स्वस्त कशी म्हणून विचारलं, तर शोरूमवाला म्हणतो, गाडी तुमची पण बॅटरी कंपनीची. जेवढी पळेल तेवढं बॅटरीचं भाडं महिन्याला भरायचं. मी म्हटलं, "म्हणजे नवरा आपला आणि त्याचा जीव भाड्याचा!" तो एवढा हसला की त्याच्या हातातले कागद खाली पडले. भिंगरी म्हणाली, आजी, तुला पुन्हा आणणार नाही. पण तिलाही हसू येत होतं, मला मागून तिचे कान दिसत होते. तिचे कान हसतात, तुला आठवत असेल. नाव तूच ठेवलेलं आहेस, भिंगरी.

तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा तिच्या दातांना तारा होत्या. आता ती लोकांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. फिजिओ म्हणतात. पडलेल्या, ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा चालायला शिकवते. तिच्याबरोबर घडीचं टेबल असतं, शेकायचं मशीन असतं, पट्ट्या, चेंडू, काय काय. हे सगळं घेऊन ती बसमध्ये चढते. लोक तिला विचारतात, ताई, बिऱ्हाड घेऊन कुठे निघालात? दुसऱ्यांचे खांदे मोकळे करते आणि स्वतःचा खांदा असा आखडलाय की परवा वेणी सूनबाईने घालून दिली. डॉक्टर म्हणाला, ओझं उचलणं थांबवा, नाहीतर हे काम सोडा. सोडणार नाही ती. म्हणून गाडी.

आता खरं ते. काल जेवताना धाकट्याने दोन गोष्टी मांडल्या. एक, त्याच्या ऑफिसातल्या एकाची जुनी पेट्रोलची गाडी आहे, ती घ्यायची. ती काय, बाहेर रस्त्यावर कुठेही उभी राहील. दुसरी, ही नवी विजेची. तिला रोज चार्ज करावं लागतं. त्याचा डबा भिंतीवर बसवायचा तर सोसायटी म्हणते, ज्याने त्याने आपापल्या जागेत बसवा. म्हणजे आपली खालची, खांबाजवळची जागा.

एवढं बोलून धाकटा थांबला. सूनबाई भांडी गोळा करायला लागली. अजून कुणाचं जेवण झालं नव्हतं.

ती जागा रिकामीच आहे. एक हात मोडलेली प्लास्टिकची खुर्ची आणि उलटी बादली ठेवलेली असते, कुणी आपली गाडी घुसवू नये म्हणून. संध्याकाळी मी तिथे जाऊन बसते. बिल्डिंगमधले त्याला आजींचं ऑफिस म्हणतात. सेक्रेटरीसुद्धा येता जाता विचारतो, "काय साहेब, आज कामावर?"

तर सरळ विचारते. तू येणार आहेस का? राहायला म्हणत नाही. कधीतरी, गाडी घेऊन, तासाभरासाठी. येणार असशील तर जागा तुझीच. मग पेट्रोलची घेऊ, मी सांगते त्यांना. नव्या गाडीचा हा सुरुवातीचा भाव महिनाअखेरपर्यंतच आहे म्हणे, तेव्हा त्याआधी कळव. फोन मी करत नाही. तू उचलला नाहीस की तो वाजत राहतो. पत्राचं तसं नसतं.

अक्षर नेहमीपेक्षा वाकडं आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं असून असून किती सरळ असणार, आणि आता उजव्या हाताची बोटंही जरा झोपलेली असतात.

आई


१६ मार्च

मोठ्या,

तुझं काही आलं नाही. टपालाला वेळ लागतो हल्ली. मी रोज खाली पेटी बघते, मग विजेचं बिल बघितलं तरी बरं वाटतं, कुणीतरी आठवण ठेवली.

परवा वायरमन येऊन गेला. नुसतं बघायला. घ्यायची ठरली तर काय काय लागेल, असं. भिंगरी कामावर, धाकटा ऑफिसात, म्हणून मीच त्याला खाली घेऊन गेले. फार बोलका माणूस. त्याच्या बायकोला विजेचा झटका कसा बसला ते त्याने मला सांगितलं, घरच्याच इस्त्रीचा! मी म्हटलं, लोकांची घरं दुरुस्त करत फिरतोस, स्वतःच्या घरी कधी जातोस? तर म्हणतो, "आजी, तीही हेच म्हणते, फक्त आवाज मोठा असतो."

मीटरची खोली खांबाच्या लगेच मागे, त्यामुळे वायर थोडकी लागेल म्हणाला. डबा खांबावर बसेल, माझ्या खांद्याच्या उंचीवर. तिथेच त्याने पेन्सिलीने चौकोन काढला. चौकोनाच्या आत तो निळा ओरखडा आला.

तुला माहीत आहे कुठला. तुझ्या बाबांनी गाडी आत घेताना खांबाला घासली होती. पहिल्यांदा म्हणाले, खांब पुढे आलाय. दुसऱ्यांदा घासली तेव्हा रुमालाने गाडी पुसत बसले. डोळ्यांत पडदा वाढत होता आणि ते कुणाला सांगायचे नाहीत. मग ते ऑपरेशनसाठी दवाखान्यात असताना तू गाडी विकलीस. न विचारता विकलीस हे खरं. विचारलं असतंस तर त्यांनी विकू दिली नसती, हेही खरं. मी तेव्हाही दोन्ही म्हणत होते, आताही म्हणते. दोन्ही म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

डोळ्याला पट्टी बांधून ते घरी आले, एका डोळ्याने त्यांना रिकामी जागा दिसली. कठडा धरून जिना चढले. वर येऊन म्हणाले, "गाडी विकलीस. आता मलाही विकून टाक." आणि तू म्हणालास, "तुम्हाला कोण घेणार?"

तू ते चेष्टेत म्हणालास. माझ्या मनात त्याबद्दल कधी शंका आली नाही. तुम्ही दोघं बापलेक एकमेकांशी तसंच बोलायचात, घरात लहान मूल आलं की ते घाबरायचं. पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. कुणीतरी हसायला हवं होतं. मग तुझी दूरची नोकरी, मग पत्ता बदलला तो आम्हाला दुसऱ्याकडून कळला. असो.

वायरमनने विचारलं, "आजी, इथे कुणाची गाडी असते?"

मी म्हटलं, "मोठ्या मुलाची."

त्याने खुर्चीकडे बघितलं, बादलीकडे बघितलं. "केव्हा येते?"

"येईल," म्हटलं.

त्याने टेप गुंडाळली आणि चहा नको म्हणाला. आधी हवा होता त्याला.

एक गंमत राहिली. तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर मागे एकदा आपल्या जागेत गाडी लावायला बघत होते. बादली बाजूला केली, खुर्ची बाजूला केली. मी वरून खिडकीतून बघितलं आणि तशीच उतरले, पायात वेगवेगळ्या चपला. जाऊन खुर्ची परत मध्ये ठेवली आणि बसले. ते गाडीत, मी खुर्चीत, समोरासमोर. त्यांनी हॉर्न वाजवला. मी त्यांना म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही म्हणता ना, तोंड मोठं उघडा आणि हलू नका. मी हलत नाही." शेवटी गेले बिचारे. नंतर माझी दाढ त्यांनीच काढली, तेव्हा मला वाटलं सूड घेतील, पण नाही, चांगली काढली. दुखली नाही अजिबात. सुई दिली होती ना. अर्धा दिवस गाल आपला नव्हताच. मला ते आवडलं.

भिंगरी माझी बोटं तपासते. डोळे मिटायला सांगते आणि कापूस फिरवते, मग काडीचं टोक. "आजी, आता काय लागतंय?" मी अंदाजाने सांगते. कापूस म्हटलं की ती खूश होते, म्हणून मी कापूस सांगते.

महिना अजून संपला नाही. बघ.

आई


२५ मार्च

मोठ्या,

आज पत्र लिहायचं नव्हतं. पण घरात एक प्रकार झाला आणि तो सांगायला तूच उरलास. बाकी सगळे त्या प्रकारातच होते.

रविवारी सगळे ती जुनी पेट्रोलची गाडी बघायला गेलो. भिंगरीनेच सांगितलं, नवी नको, हीच बघू. कारण विचारलं तर म्हणे, आजी, मला पेट्रोलचा वास आवडतो. अशी खोटं बोलते, तुझ्या बाबांवर गेली आहे, लगेच मान खाजवते. गाडी म्हणजे काय सांगू. मागचं दार आतून उघडत नव्हतं. गाडीवाला म्हणाला, "एवढं काय, काच खाली करून बाहेरून हात घालायचा." सूनबाई आत बसली होती, तिची काच खाली होईना. मग त्याने बाहेरून सोडवलं तिला. बाहेर येऊन म्हणते, "गाडी छान आहे, फक्त माणसं आत राहतात." भिंगरीने मागे टेबल घालून बघितलं, बसलं नाही. तिरकं घातलं, दार लागेना. एका हातानेच उचलत होती सगळं, दुसऱ्याने खांदा धरून. तरी म्हणाली, "चालेल."

येताना बसमध्ये मी तिच्या मशीनची पिशवी मांडीवर घेतली. फार जड आहे रे. मला वाटलं होतं जड असेल, पण इतकी.

घरी येऊन मी धाकट्याला म्हटलं, "अरे, तुला दादासाठी जागा ठेवायची आहे हे मला समजतं. पण पोरीचा खांदा बघ. तू मन मोठं कर आता."

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "मी? आई, मी तुझ्यासाठी गप्प होतो."

"माझ्यासाठी कशाला?"

"तू रोज तिथे जाऊन बसतेस!"

"मी बसते ते तुझ्यासाठी! बाबा गेले त्या दिवशी तूच तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांना म्हणालास, इथे लावू नका, ही दादाची जागा आहे, तो येतोय. किती तोंडभरून म्हणालास. मला वाटलं, तुला ती मोकळी राहायला हवी आहे. म्हणून मी खुर्ची ठेवली."

"अगं, ते त्या दिवसापुरतं! तो येणार होता म्हणून! दुसऱ्या दिवशी तू खुर्ची ठेवलीस. मग मी कसा काढू?"

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "आणि मी तुम्हा दोघांसाठी. स्कूटर पावसात भिजते माझी, इतकी वर्षं. मला वाटलं, मायलेकांचं काहीतरी आहे, आपण मध्ये कशाला पडा."

भिंगरी म्हणाली, "मी तर आजीसाठी पेट्रोलची गाडी घेत होते."

आधी धाकटा हसला. मग सूनबाई. मग आम्ही सगळे असे हसलो की डॉक्टरांच्या बायकोने खालून विचारलं, काही आनंदाची बातमी? भिंगरीचे कान लाल झाले. मीही हसले. तोंड दुखेपर्यंत हसले.

मग थांबलो. कुणी पाणी प्यायलं, कुणी पंखा कमी केला. आणि मला कळलं की या घरात तुझी वाट कुणीच बघत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा बघतोय.

हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. मला स्वतःला वाटतं का ते बघायला मी खाली गेले. खुर्चीत बसले. मुद्दाम बाबा आठवले, तू आठवलास. तो दिवस आठवला, त्यांना नेल्यानंतरचा. जागा तुझ्यासाठी मोकळी करून ठेवली होती आणि तू गाडी रस्त्यापलीकडे, झाडाखाली लावलीस. तिथूनच चालत आलास, गेटपाशी उभा राहिलास, माझ्या डोक्यावर हात ठेवलास, लहान मुलाच्या ठेवतात तसा, आणि परत गेलास. तो हात कसा लागला होता ते आठवून बघितलं. गरम होता की गार. नाही आठवलं. रडू येतं का बघितलं, तेही नाही. पाय हलवत बसले. वॉचमन म्हणाला, आजी, आज उशीर झाला ऑफिसात. मी म्हटलं, हो रे, शेवटचं काम होतं.

वर गेले आणि भिंगरीला सांगितलं, तीच घे. निळी असेल तर निळी घे. ती म्हणाली, निळ्याला थांबावं लागेल, पांढरी लगेच मिळते. मी म्हटलं, मग पांढरी घे, थांबायचं नाही.

तुझं उत्तर महिनाअखेरीस आलं तरी आता ठरलं आहे. आधीच सांगते, म्हणजे तुला कोड्यात पडायला नको.

आई


८ एप्रिल

मोठ्या,

गाडी आली!

पांढरीशुभ्र, अंड्यासारखी. भिंगरीचं टेबल सरळ बसतं, मशीन बसतं, वर मीही बसते. पहिल्याच दिवशी ती मला तिच्या सगळ्या म्हाताऱ्यांकडे घेऊन गेली. एक आजोबा आहेत, त्यांना सहा पावलं चालायला सांगितलं की ते चार चालतात आणि भाव करतात. मला बघून सहा चालले. भिंगरी म्हणाली, आजी, तू रोज चल. सूनबाई म्हणाली, नोकरी लागली तुम्हाला. तिच्या स्कूटरलाही कोपऱ्यात जागा निघाली, गाडी लहान आहे ना.

वायरमनने डबा बसवला. त्या पेन्सिलीच्या चौकोनावरच. भोकं पाडताना निळी भुकटी पडली, थोडीशीच. त्याने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, पाड पाड. या वेळी चहा प्यायला. दोन कप.

खुर्चीला आता खाली जागा नाही. वर गॅलरीत आणली, तिच्यावर वाळवायचे कपडे टाकतो. बादली जिथली तिथे गेली, न्हाणीघरात. गळत नाही म्हणे अजून.

संध्याकाळचं माझं काम मात्र गेलं नाही. भिंगरी आली की मी खाली जाते, डब्यातली वायर काढते आणि गाडीला लावते. टक् आवाज होतो आणि हिरवा दिवा लागतो. पहिल्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी म्हणाला, "साहेबांना बढती मिळाली." बोटांना वायर लावल्याचं नीट कळत नाही, पण दिवा लागला की समजतं लागली. भिंगरीने परवा पुन्हा डोळे मिटायला लावले. कापूस की काडी? मी म्हटलं, मला काहीच कळत नाही गं, मी नेहमी अंदाजाने सांगते. तिने कापूस खाली ठेवला. मग माझा हात दोन्ही हातांत घेऊन तिने चोळायला सुरुवात केली, बराच वेळ. म्हणाली, हे आधी का नाही सांगितलंस, येतं परत, वेळ लागतो पण येतं. येऊ दे की. घाई कुणाला आहे.

तुझं पत्र अजून नाही. येईल किंवा येणार नाही. मी पेटी बघते, सवय आहे, पण आता जिना उतरताना मनात फक्त भिंगरी आली का एवढंच असतं.

कधी आलास तर एक लक्षात ठेव. आपली जागा आता भरलेली असते. गेटच्या आत डाव्या हाताला पाहुण्यांसाठी जागा केली आहे, नळाजवळ, तिथे लाव. वॉचमन नवा आहे, तुला ओळखणार नाही. कुणाकडे जायचं म्हणून विचारेल, आजींकडे म्हण, सोडेल. रात्री नऊपर्यंत गाडी ठेवू देतात, कुणी काही म्हणत नाही.

रस्त्यापलीकडे मात्र लावू नकोस. तिथून हल्ली गाड्या उचलून नेतात.

आई